पुढच्या धोंड्याला झिंटारा

…नाही, गाडी घ्यायला आमची काही हरकत नाही हो, घ्या ना, एक घ्या, दोन घ्या, पण घ्यायची तर घेऊन मोकळे व्हा, हे काय लावलंय, आज बघू, दिवाळीत बघू, पाडव्याला बघू, आणि रोज सकाळी चहाच्या वेळेला आमच्या ओट्यावर येऊन बसायचं आणि मोबाईल आमच्या नाकाशी धरायचा, "हे बघ, मागचा दिवा बदलला." अरे, बदलला तर बदलला! आमच्या मोरीतला दिवा गेल्या शिमग्यापासून गेलाय, तो बदलायला मला वेळ नाही, तुझ्या त्या न घेतलेल्या गाडीचा मागचा दिवा बघून मी काय ओवाळू? तुम्हाला सांगतो, माणसाला एक वेळ तंबाखूचं व्यसन परवडलं, पण न घेतलेल्या गाडीचं वेड नको.

कोणाबद्दल बोलतोय? हिरामणबद्दल. आमचा शेजारी, मखमलाबादचा. गुलाब आणि झेंडू करतो, माल चांगला, माणूस त्याहून चांगला, फक्त गाडीचं नाव काढू नका. रोज फुलांचे क्रेट पिकअपमध्ये टाकायचे आणि फूलबाजार गाठायचा. पिकअप त्याची स्वतःची, पांढरी, आणि मागच्या फाळक्यावर पेंटरकडून हौसेनं लिहून घेतलेलं, 'घाई कसली? जरा थांबा.' पेंटर बिचारा म्हणत होता, आई-बाबांचा आशीर्वाद लिहू का, तर हा म्हणाला नको, ते सगळेच लिहितात, आपलं काहीतरी वेगळं पाहिजे. दोन बाजूंना दोन गुलाब काढून घेतले, त्यातला डावीकडचा कोबीसारखा दिसतो. ती पिकअप कधी बंद पडली नाही, कधी रुसली नाही, पण ती 'गाडी' नाही ना. गाडी म्हणजे झिंटारा.

आता ही झिंटारा काय चीज आहे, तर कंपनी म्हणते, कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर एसयूव्ही. म्हणजे काय, तर कार म्हणावी तर उंच, जीप म्हणावी तर बुटकी, पुढून बघावं तर वाघ आणि मागून बघावं तर मांजर, आणि सगळं मिळून चार मीटरच्या आत कापून बसवलेलं, कारण त्याच्या आत कर कमी लागतो. याला लोक वाट बघून घेतात हो, नंबर लावून घेतात!

आणि हे वेड हिरामणच्या डोक्यात शिरलं कसं? तर धोंड्यामुळं. अधिक महिना हो, तीन वर्षांनी येतो तो. आता जगात लोक गाडीचं वय वर्षांवर मोजतात, किलोमीटरवर मोजतात, हिरामणच्या घरी धोंड्यावर मोजतात. त्याचे सासरे कोंडाजीनाना, नामपूरचे, कांदेवाले. नानांना दोन मुली. थोरली रूपाली, ती हिरामणची बायको. धाकटी तेजस्विनी, ती दिली सायखेड्याला, समाधानला. म्हणजे समाधान हिरामणचा साडू. आणि साडू म्हणजे काय ते मी सांगायला पाहिजे का? भाऊ नाही, वैरी नाही, पण त्याच्या दारात काय उभं आहे ते आपल्याला रोज माहीत असतं.

तर मागच्या धोंड्याला नानांनी दोन्ही जावयांना बोलावलं. पाय धुतले, पुरणाचे धोंडे वाढले, अनारशांचं वाण दिलं, सगळं रीतसर. आणि जेवणं झाल्यावर ठरलं, की उद्या सगळ्यांनी त्र्यंबकेश्वरला जायचं, कुशावर्तावर अधिकाचं स्नान करायचं. आणि नेमकी समाधाननं त्याच आठवड्यात झिंटारा काढलेली. बाजारात नवी कोरी आलेली, टमाट्यासारखी लाल, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. गल्लीतली पोरं काचेला नाक लावून बघतायत. झालं! नाना म्हणाले, "धाकला जवाईनी गाडीमा बठूत." आणि नाना आणि रंगूबाई, म्हणजे सासूबाई, दोघं त्या लाल गाडीत. आणि हिरामण? थोरला जावई? तो मागं, पिकअपमध्ये, शेजारी रूपाली. पावसाळ्यातला धोंडा होता तो, पुढच्या गाडीचा चिखल फटाफट काचेवर येतोय आणि वायपर एकच चालतोय, तो पण रूपालीच्या बाजूचा.

आणि गंमत सांगतो, ती लाल गाडी रस्त्यात सारखी थांबायची. सटाण्याच्या पुढं थांबली, घाटाच्या अलीकडं थांबली, घाटाच्या पलीकडं थांबली. समाधान पळत उतरायचा, नानांचं दार उघडायचा, नाना उतरून जरा उभे राहायचे, की परत आत. हिरामण मागून बघतोय आणि दात खातोय, "फोटो काढतायत. हे बघ, परत फोटो. अरे, एवढे तर लग्नात काढले नव्हते यांनी." रूपाली पदरानं आतून काचेवरची वाफ पुसत होती. त्र्यंबकला पोचल्यावर, स्नान झाल्यावर, ओल्या केसांनी नवऱ्याजवळ आली आणि म्हणाली, "पुढच्या धोंड्याला आई-नाना आपल्या गाडीत बसले पाहिजेत. थोरली मी आहे." बस. एवढंच. पण बायको ओरडून बोलली तर माणूस विसरतो हो, ती हळू बोलली की ते जन्माला पुरतं. हिरामणला त्या दिवसापासून दुसरं काही सुचलं नाही.

म्हणून हा गेला शोरूमला. आग्रा रोडला. तिथं सनी नावाचा सेल्समन, अंगात कोट, गळ्यात पट्टा, तोंडात साखर. हिरामण सोबत फुलांचा क्रेट घेऊन गेलेला, डिकीत बसतो का बघायला. सनी बघतच राहिला, "दादा, हे काय?" हा म्हणाला, "माप." क्रेट आडवा घातला, बसेना. उभा घातला, डिकी लागेना. मग तिरका घातला, तेव्हा बसला. हिरामण खूष. "चालेल, लिही," म्हणाला. आणि तेव्हा सनी जवळ सरकला, इकडं तिकडं बघितलं आणि कानात म्हणाला, "दादा, तुम्ही घरचे म्हणून सांगतो… जरा थांबा. नवीन येतंय."

जरा थांबा, नवीन येतंय! तुम्हाला सांगतो, या चार शब्दांनी त्या माणसाचं वाटोळं केलं. नवीन काय येतंय, तर फेसलिफ्ट. म्हणजे गाडी तीच, इंजिन तेच, तोंड तेवढं नवीन. हिरामण थांबला. फेसलिफ्ट आलं. जाळी बदलली, दिवे मिचमिचे झाले, पहिली गाडी हसरी दिसायची, ही रागावलेली दिसायला लागली. हिरामण परत क्रेट घेऊन हजर. सनी म्हणाला, "दादा, घेताय? घ्या. पण खरं सांगू? जरा थांबा. सनरूफवाली येतेय." मी म्हटलं, हिरामण, तू दिवसभर उन्हातच असतोस, तुला छताला भोक कशाला? तर म्हणतो, "मला नाय रे, नानांसाठी. नाना वर डोकं काढून बघतील." नामपूरचा कांदेवाला, डोक्याला टोपी, तो छतातून डोकं काढून सटाणा बघणार? पण नाही. थांबला.

सनरूफ आलं, तर सनी म्हणाला सीएनजी येतोय. सीएनजी आला, तर डिकीत टाकी आली आणि क्रेट तिरकासुद्धा बसेना. मग म्हणे खास काळी एडिशन येतेय, सगळं काळं, चाकंसुद्धा. रूपालीच म्हणाली, धोंड्याला काळी गाडी दारात उभी करायची का, म्हणून ती गेली. मग म्हणे बॅटरीवाली येतेय. प्रत्येक वेळी तेच, जरा थांबा. आणि हा थांबतोय! अहो, पोरगी दाखवायला एवढी टाळाटाळ केली तर लोक मध्यस्थाला चोपतील.

एकदा तर काय झालं, आम्ही दोघं पिकअपमधून बाजाराला निघालेलो, मागं गुलाबाचे क्रेट, आणि समोरून एक गाडी गेली, सगळ्या अंगावर काळेपांढरे चट्टेपट्टे चिकटवलेले, दिवे झाकलेले, नाव झाकलेलं. हिरामणनं कचकन ब्रेक मारला. "नवीन झिंटारा! टेस्टिंगला!" आणि वळवली पिकअप तिच्या मागं. मी ओरडतोय, अरे, बाजार इकडं, आणि हा वाडीवऱ्हे, घोटी, इगतपुरी करत चाललाय, एका हातात स्टिअरिंग आणि एका हातात मोबाईल माझ्यासमोर, "काढ फोटो, मागच्या दिव्याचा काढ." इगतपुरीला ती गाडी एका ढाब्यावर थांबली. आतून ड्रायव्हर उतरला. हिरामणनं हात जोडून विचारलं, "भाऊ, ही कधी येतेय?" तो म्हणाला, "मला नाय माहीत. मला म्हणतात चालव, मी चालवतो." गुलाबांनी माना टाकलेल्या. बाजार उठलेला. आम्ही ते गुलाब ढाब्यावरच वाटून टाकले, वेटरच्या कानाला एक, आचाऱ्याच्या कानाला एक.

आणि अशी वाट बघता बघता धोंडा आला की हो जवळ. नानांचा निरोप आला, दोघी लेकी या, जावई या, त्र्यंबकला जायचंय. रूपालीनं पिकअपकडं बघून असा सुस्कारा सोडला की आमच्या ओट्यावर ऐकू आला. आणि त्याच दिवशी सनीचा फोन. "दादा, आता थांबू नका."

मी म्हटलं, काय? इतके दिवस थांबा थांबा म्हणणारा हा माणूस आता थांबू नका म्हणतोय?

"दादा, मॉडेल बंद होतंय. कंपनीनं उत्पादन थांबवलं. शेवटची एक उभी आहे. घेतली तर घेतली."

मी हिरामणला समजावलं. म्हटलं, अरे, बंद पडणारी कसली घेतोस, उद्या पार्ट मिळायचे नाहीत, विकायला गेलास तर कोणी दारात उभं करणार नाही. पण तो काय ऐकतोय, त्याच्या डोळ्यासमोर तो एक वायपर. गेला शोरूमला. शेवटची जी होती ती निघाली शेवाळी रंगाची. डबक्यावर येतं ना, ते शेवाळ, तो रंग. इतके दिवस कोणी उचलली नाही त्यालाही काही कारण असेल ना? सनी म्हणाला, "दादा, रेअर कलर आहे." वर म्हणाला, "आणि जुनी गाडी दिली तर एक्स्चेंजचा फायदा जास्त." जुनी म्हणजे पिकअप! रूपाली म्हणाली, "अहो, मग फुलं कशात न्यायची?" हा म्हणाला, "भाड्याच्या टेम्पोत नेऊ. एकदा आई-नाना गाडीत बसू देत, मग बघू." आणि दिली हो. सोन्यासारखी पिकअप देऊन टाकली.

शोरूममध्ये चादर ओढली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढला. फोटोत सगळे हसतायत आणि हिरामण बाजूला बघतोय, कारण तिकडं कोपऱ्यात पिकअप उभी होती. आम्ही घरी आलो तर म्हणतो, "हॉर्न पिकअपचा चांगला होता, नाय का?" टेम्पोवाला दुसऱ्याच दिवशी आला नाही, तेव्हा झेंडू झिंटारातच भरला. मागच्या सीटवर झेंडू, पुढच्या सीटवर झेंडू, डिकीत तिरका क्रेट. सनरूफमधून मुंग्या बाहेर पडताना मी स्वतः बघितल्या.

असो. निघालो नामपूरला. आता तुम्ही म्हणाल, तुम्ही कशाला? अहो, मला साक्षीला घेतलेलं! "तू चलच," म्हणाला, "नाना गाडीत बसताना बघायला आपलं कोणीतरी पाहिजे." मी मागच्या सीटवर, मांडीवर फळांची पाटी, कारण डिकीत एक पिशवी ठेवली की ती भरते. भर उन्हातला धोंडा, पण आत एसी, गार. हिरामणनं गाडी अगदी दाराला लावली, इतकी की नानांना उंबऱ्यातून पाय टाकला तर सीटवरच पडावा. नाना बाहेर आले. गाडीकडं बघितलं. "चांगली शे," म्हणाले. रंगूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. रूपालीचा चेहरा असा उजळलेला, तीन वर्षांत मी बघितला नव्हता. मला बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू.

समाधान अजून यायचा होता. हिरामण ओट्यावर पाय पसरून बसलेला, सारखा रस्त्याकडं बघतोय. येऊ दे म्हणावं टमाटा. आणि लांबून आवाज आला. घर्रर्र. हिरामणचे कान टवकारले. आवाज ओळखीचा. गाडी दारात आलीच नाही, पार कांद्याच्या चाळीमागं जाऊन थांबली. समाधान मान खाली घालून चालत आला, मागं तेजस्विनी, डोक्यावर पदर. हिरामण उठला, चाळीमागं गेला, मी त्याच्या मागं. पांढरी पिकअप. मागं फाळका. डावीकडं कोबी.

समाधान म्हणाला, "साडूभाऊ, काय सांगू. आपली गाडी उभी आहे वर्कशॉपला. एक पार्ट गेलाय. मॉडेल बंद झालं ना, पार्ट येईना. रोज विचारतो, रोज म्हणतात, जरा थांबा. इकडं टमाटे निघायला लागले, काहीतरी पाहिजे म्हणून एजंटकडं गेलो, तर ही उभी. कागदावर तुमचं नाव बघितलं, म्हटलं घरचीच गाडी, डोळे झाकून घ्यावी. लाज वाटली म्हणून मागं लावली."

हिरामणनं फाळक्यावरच्या कोबीवरून हात फिरवला. हसावं की रडावं? एका बाजूनं आनंदच झाला हो त्याला, साडू पिकअपमध्ये आणि आपण झिंटारात! हिशोब चुकता! चेहऱ्यावर हसू यायला लागलं… आणि तेवढ्यात मागून नाना आले. पिकअप बघितली. आणि तुम्हाला सांगतो, ते म्हातारं माणूस असं खुललं, असं खुललं, की जणू हरवलेली म्हैस गोठ्यात परत आली.

"हाई इकी नही का तुमी?" म्हणाले. म्हणजे, ही विकली नाहीत का तुम्ही? आणि दार उघडून चढले की वर! सीटवर बसले, खिडकी खाली केली, हात बाहेर काढून दारावर थाप मारली. "अय, ये व," रंगूबाईंना हाक. "ये, आठे बठ."

हिरामण पुढं झाला. "नाना, ती नाय, आपली गाडी तिकडं दाराशी हाय. एसी लावून ठेवलाय."

नाना म्हणाले, "नको रे भाऊ. माले गाडी लागस."

लागस म्हणजे? कोणाला गाडी लागते? तर मग सगळं बाहेर आलं. मागच्या धोंड्याला त्या लाल गाडीत काचा बंद, आत तो नव्या प्लास्टिकचा वास, वर अत्तराची बाटली टांगलेली, आणि नाना प्रत्येक वळणाला उतरून ओकत होते! ते फोटो नव्हते हो! घाटाच्या अलीकडं ओकले, घाटाच्या पलीकडं ओकले, आणि मधल्या वेळात मागं वळून पिकअपकडं बघत होते, की ते दोघं बघा कसे खिडकी उघडी टाकून वारा खात येतायत. रूपाली म्हणाली, "अहो नाना, मग तेव्हाच सांगायचं ना, आमच्याकडं यायचं." नाना म्हणाले, "धोंड्यात जावई म्हणजे नारायण. नारायणाच्या गाडीत ओकलो, असं सांगतात का कधी?"

तीन वर्षं! त्या एका वाक्यासाठी तीन वर्षं, आणि फेसलिफ्ट, आणि सनरूफ, आणि इगतपुरी! माझ्या हातातली पाटी खाली पडली, मोसंबी चाळीत गेली.

मग काय, निघालो त्र्यंबकला. पिकअपमध्ये पुढं तीन माणसं बसतात, समाधान, नाना आणि रंगूबाई. तेजस्विनी आली आमच्याकडं, माझ्या शेजारी. पुढं ते, मागं आम्ही. सासऱ्याच्या पुढं गाडी काढायची नाही, ही रीत. आमच्या काचेवर भर उन्हाळ्यातली धूळ येतेय, पण वायपर दोन्ही चालतात, तेवढं खरं. सटाणा गेलं, घाट आला, घाट गेला, पिकअप एकदाही थांबली नाही. नानांचा हात बाहेर, दारावर ताल धरलेला. रंगूबाईंच्या पदराचं टोक खिडकीतून फडफडतंय. तेजस्विनी म्हणाली, "दाजी, एसी काय मस्त आहे हो तुमचा." रूपालीनं हळूच त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ द्या. आपल्याच गाडीत बसलेत ना." हे खरंच होतं, आणि तीच तर पंचाईत.

नाशिकच्या अलीकडं रस्ता मोकळा लागला. धूळ इतकी की पिकअपच्या फाळक्यापलीकडं काही दिसेना. मी म्हटलं, "हिरामण, रीत गेली खड्ड्यात, जागा आहे, काढ ना पुढं."

तो म्हणाला, "कशी काढू?" आणि समोर बोट केलं. फाळका, कोबी आणि ती 'जरा थांबा'ची ओळ. "मीच लिहून ठेवलंय."